बैलाला डोळे असतात, स्कुटीला नसतात



आज बोलायचं आहे गाडी शिकण्याबद्दल. आपल्या मांडवगण फराट्याच्या पट्ट्यात, भीमेच्या अलीकडं शिरूर तालुक्यात आणि पलीकडं दौंड तालुक्यात, आता बऱ्याच बायका स्कुटी शिकतात. कुणाला डेअरीला दूध घालायचं असतं, कुणाला गटाचा हप्ता भरायला बँकेत जायचं असतं, कुणाला मुलीला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायचं असतं. कुणाची तरी वाट बघत बसायचं नाही, आपलं आपण जायचं, हे सुख मोठं आहे.

पण शिकवणारा कोण? बहुतेक घरचाच. नवरा, दीर, नाहीतर अकरावीतला मुलगा. तो सांगतो, "मूठ पिळली की पळते, ब्रेक दाबला की थांबते." झालं शिक्षण! नियमांचं नाव काढलं की म्हणतो, "ते पोलिसांसाठी असतं, आपल्याला कुठं शहरात जायचंय?"

म्हणून आज मी नियमांची यादी वाचून दाखवणार नाही. हे नियम आले कुठून, त्याची गोष्ट सांगणार आहे. ती ऐकल्यावर तुम्हीच ठरवा, नियम पोलिसांसाठी आहेत की आपल्यासाठी.

गोष्ट आपल्या शेजारूनच सुरू करू. घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या या मातीत शेतकरी राहत होते, जव पिकवत होते, गुरं पाळत होते, हे त्यातून जगाला कळलं. त्याच काळाच्या आगेमागे नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला मोठं गाव नांदत होतं. तिथं १९७४ साली काशाच्या चार मूर्ती सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि चौथी फार देखणी: दोन चाकांचा रथ, त्याला जुंपलेली बैलजोडी आणि मागं उभा राहून हाकणारा माणूस. म्हणजे बैल जुंपून चाकावर जायची विद्या आपल्याकडं हजारो वर्षांची आहे.

आता विचार करा, एवढ्या हजारो वर्षांत बैलगाडी हाकायला लायसन्स का लागलं नाही? कारण सोपं आहे. बैलाला डोळे असतात. बैलाला भीती कळते. समोर खड्डा दिसला की तो अडतो, माणूस आडवा आला की थबकतो. बाजारहून रात्री परतताना धुरकऱ्याला डुलकी लागली, हातातला कासरा सैल पडला, तरी बैल बरोबर आपल्या दारात आणून उभे करायचे, हे आपल्या आजोबांच्या पिढीनं पाहिलेलं आहे. शिवाय चाकोरी पडलेली असायची. चाक तिच्यातच चालायचं. आणि वेग किती? बैलाच्या पावलाचा.

मोटारीला यातलं काहीच नाही. तिला डोळे नाहीत, भीती नाही, घरची वाट ठाऊक नाही. बैलाचं शहाणपण गाडीतून गेलं, ते सगळं आता चालवणाऱ्याच्या अंगी यायला हवं. रस्त्याचे नियम म्हणजे दुसरं काही नाही, बैलाचं ते शहाणपण माणसांनी कागदावर लिहून काढलेलं आहे. आणि ते लिहिलं गेलं माणसं मेल्यावर.

त्या सुरुवातीच्या मरणांमध्ये बायकाच होत्या. आयर्लंड देशात मेरी वॉर्ड नावाच्या एक विदुषी होत्या. सूक्ष्मदर्शकातून बारीक जीव पाहायच्या, त्यांची चित्रं काढून पुस्तकं लिहायच्या. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी त्या नात्यातल्या लोकांनी बनवलेल्या वाफेच्या गाडीत बसून निघाल्या होत्या. एका वळणावर झटका बसला, त्या खाली फेकल्या गेल्या आणि गाडीचं जड चाक अंगावरून गेलं. इंजिनावर चालणाऱ्या गाडीखाली गेलेलं हे जगातलं पहिलं माणूस असं मानतात.

दुसरी गोष्ट लंडनची. १७ ऑगस्ट १८९६. ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक साधी बाई, मजुराची बायको, वय ४४. मुलीला घेऊन क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर सोहळा पाहायला आली होती. तिथं मोटारीचं प्रदर्शन चाललं होतं. गाडी समोरून आली, ती गोंधळून जागीच उभी राहिली आणि गाडीनं तिला उडवलं. गाडीचा वेग आजच्या सायकलीपेक्षा जास्त नव्हता. पण चालवणाऱ्याला गाडी हातात घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. म्हणजे तो शिकाऊच होता. त्याच्याकडं लायसन्स नव्हतं, कारण तेव्हा लायसन्स नावाची गोष्टच नव्हती. चौकशी झाली, अपघाती मृत्यू असा निकाल लागला. जत्रेला गेलेली बाई घरी परतली नाही.

त्याआधी इंग्लंडात १८६५ चा एक कायदा होता. इंजिनावर चालणाऱ्या गाडीनं गावाबाहेर ताशी ४ मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर, आणि गावात ताशी २ मैल यापेक्षा जास्त वेगानं जायचं नाही. आणि गाडीपुढं एका माणसानं लाल निशाण घेऊन चालायचं! आज हसू येतं. पण त्या लोकांना एक गोष्ट कळली होती, या यंत्राला डोळे नाहीत, म्हणून पुढं डोळेवाला माणूस हवा. पुढं गाड्या वाढल्या, निशाणवाला माणूस गेला, आणि त्याचं काम चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर आलं. तिथं १९०४ पासून लायसन्स लागू झालं, पण तेही नुसते पैसे भरून मिळायचं. गाडी चालवून दाखवायची सक्तीची परीक्षा आली १९३५ साली. म्हणजे शिकल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही, एवढी साधी गोष्ट ठरायला ३०-३१ वर्षं गेली.

पण बायका गाडीखाली सापडल्या, एवढीच ही गोष्ट नाही. गाडी सुरक्षित करण्यातही बाईचा हात आहे. जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचं पेटंट घेतलं. लोक ती विकत घ्यायला धजत नव्हते. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची बायको बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन गाडीनं माहेरी निघाली. अंतर १०० किलोमीटरच्या आसपास. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं साफ केली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून धरेनात, तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून तिनं त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज प्रत्येक गाडीच्या ब्रेकला जे अस्तर असतं, त्याची सुरुवात ही. गाडी कशी पळवायची हे पुरुषानं शोधलं, आणि ती नीट कशी थांबवायची याचा विचार त्याच्या बायकोनं केला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. शिकताना हे लक्षात ठेवा. आधी थांबायला शिकायचं, मग पळवायला.

आता आपल्या देशाकडं येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत मोटारी उतरल्या. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून मुंबईच्या सुझान टाटा यांचं नाव घेतात, साल १९०५. मग १९१४ साली सगळ्या देशासाठी पहिला मोटार कायदा झाला. १८ वर्षांखालच्या कुणी सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवायची नाही, आणि लायसन्स हवंच, हे त्यात होतं. ऐका मैत्रिणींनो, १८ वर्षांची अट ही आजकालची टूम नाही. तिला शंभराहून जास्त वर्षं झाली. १९३९ साली मोठा कायदा आला. त्यात चालकाची परीक्षा कशी घ्यायची, रस्त्यावरच्या पाट्या कशा असाव्यात, हातानं इशारे कसे करायचे, हे सगळं जोडपत्रात लिहिलं गेलं. आज चालतो तो १९८८ चा कायदा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि २०१९ साली त्यात मोठी सुधारणा झाली.

आपल्या भागाला तर या इतिहासात मानाचं पान आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारी एसटीची पहिली गाडी सुटली १ जून १९४८ रोजी, नगरहून पुण्याला. म्हणजे ती आपल्या शिरूर तालुक्यातूनच गेली. तोवर रस्त्यावर बैलगाड्या, टांगे आणि खासगी सर्व्हिस मोटारी. एसटी आली आणि गावोगावच्या लोकांनी पहिल्यांदा ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या थांब्यावर थांबणारी गाडी पाहिली. पुढं न्हावऱ्याला घोडगंगा आणि पाटसला भीमा असे साखर कारखाने झाले, आणि उसाची वाहतूक वाढली. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनं १९७२ साली लूना आणली. तिला गिअर नव्हते, वजन कमी होतं. साडी नेसून बाई चालवू शकेल अशी ती गाडी होती. पुढं स्कुटी आली आणि तिचं नाव असं रुळलं की आता कुठल्याही कंपनीची बिनगिअरची गाडी ही आपल्यासाठी स्कुटीच.

आणि मोठ्या गाड्यांवरही बायका बसल्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकात रेल्वेचं इंजिन चालवायला लागल्या, आशियातल्या पहिल्या रेल्वेचालक बाई म्हणून त्यांना ओळखतात. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी नेली, ती आपल्या दौंडवरूनच गेली. त्याच वर्षी जूनमध्ये अर्चना आत्राम यांनी आपल्याच जिल्ह्यात सासवड ते नीरा एसटी चालवली. बाईला गाडी जमत नाही, असं कुणी म्हणालं तर ही नावं सांगा. पण आणखी एक गोष्ट सांगा. या बायकांना अकरावीतल्या मुलानं शिकवलेलं नाही. त्या रीतसर शिकल्या, परीक्षा दिल्या, मग गाडीवर बसल्या.

तर आता एकेक नियम घेऊ, आणि त्यामागचं कारण पाहू.

पहिला, शिकाऊ लायसन्स. स्कुटी हातात घेण्याआधी ते काढायचं. पाट्यांची ओळख, अपघात झाला तर चालकाचं कर्तव्य काय, अशा प्रश्नांची छोटी परीक्षा असते. हे लायसन्स ६ महिने चालतं. ३० दिवस झाले की चालवून दाखवून पक्कं लायसन्स घेता येतं. शिकत असताना गाडीच्या पुढं आणि मागं पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर लावायचं. शिकवणाऱ्याकडं स्वतःचं पक्कं लायसन्स हवं, आणि स्कुटीवर त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मागं बसवायचं नाही. म्हणजे आपला अकरावीतला गुरुजी बाद! आणि शिकता शिकता धाकट्याला शाळेत सोडायचं, तेही बाद. ती लाल पाटी लाजण्याची गोष्ट नाही. मागून येणाऱ्याला ती सांगते, जरा सांभाळून, ही नवी आहे. लंडनच्या त्या शिकाऊ चालकाच्या गाडीवर काहीच खूण नव्हती, समोरच्या बाईला काय कळणार?

दुसरा, डावी बाजू. आपण डावीकडून जातो ते डावी बाजू पवित्र आहे म्हणून नाही. जगातल्या बहुतेक देशांत लोक उजवीकडून जातात. स्वीडन देशात लोक डावीकडून जायचे. तिथल्या सरकारनं ठरवलं आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सगळ्या देशानं गाड्या थांबवल्या, बाजू बदलली आणि उजवीकडून जायला सुरुवात केली. बाजू कुठली यापेक्षा सगळ्यांची एकच असणं महत्त्वाचं. हीच आपली नवी चाकोरी. "पुढच्या फाट्यावर उजवीकडं वळायचंय, म्हणून एवढ्यापुरती उलट्या बाजूनं जाते," असं आपण करतो, तेव्हा समोरच्याचा आपल्यावरचा विश्वास मोडतो. तो आपल्या बाजूनं निर्धास्त येत असतो.

तिसरा, अंतर. ताशी ४० च्या वेगानं स्कुटी एका सेकंदात ११ मीटर, म्हणजे ३६ फूट जाते. समोर कुत्रं आलं हे डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३६ फूट गेले. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट जागा लागते. म्हणून पुढच्या गाडीच्या मागं चिकटून जायचं नाही. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी पोचली की "एकशे एक, एकशे दोन" म्हणा. तेवढ्यात तुम्ही त्या झाडापाशी पोचलात, तर अंतर कमी आहे. पावसात आणि उसाची पाचट किंवा चिखल सांडलेल्या रस्त्यावर ते दुप्पट ठेवा. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबा. नुसता पुढचा ब्रेक एकदम दाबला की गाडी घसरते.

चौथा, पाट्या. १९०९ साली पॅरिसला अनेक देशांनी बसून चार चित्रं ठरवली: उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वेचं फाटक. चित्रंच का? कारण प्रत्येक देशाची भाषा वेगळी. त्या निर्णयाचा फायदा आपल्यालाही आहे. शाळा अर्धवट सुटलेली बाईसुद्धा रस्त्याच्या पाट्या वाचू शकते. तीन आकार ध्यानात ठेवा. लाल काठाचा गोल म्हणजे हुकूम, मोडला तर गुन्हा. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे सावधान, पुढं वळण, शाळा, अरुंद पूल असं काहीतरी आहे. निळा चौकोन म्हणजे माहिती, दवाखाना, पेट्रोल पंप. आठ कोनांची लाल पाटी एकच आहे, तिचा अर्थ 'थांबा'. आणि उलटा त्रिकोण म्हणजे आधी दुसऱ्याला जाऊ द्या. शेतरस्त्यावरून डांबरीवर येताना पाटी नसली तरी हाच नियम. थांबायचं, उजवीकडं बघायचं, डावीकडं बघायचं, पुन्हा उजवीकडं बघायचं, मग निघायचं.

पाचवा, हेल्मेट. १९३५ साली इंग्लंडात लॉरेन्स नावाचा एक नामवंत सेनानी मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या मारानं गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या ह्यू केर्न्स नावाच्या डॉक्टरला ते मरण लागून राहिलं. त्यानं डोक्याला मार लागलेल्या मोटारसायकलवाल्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि हेल्मेट घातलेले वाचतात हे दाखवून दिलं. आपल्याकडं हेल्मेटची गोष्ट निघाली की आंबाडा, गजरा, पदर आडवे येतात. दिल्लीत तर २०१४ पर्यंत बायकांना हेल्मेटची सक्तीच नव्हती. जणू बाईचं डोकं पडल्यावर फुटत नाही! केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, दिवसाला ४६० हून जास्त. त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्यानं लागतं. आयएसआय खुणेचं घ्या, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट आपल्या आधी जमिनीवर पोचतं. चार वर्षांखालचं मूल गाडीवर असेल तर त्यालाही हेल्मेट आणि मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि वेग ४० च्या वर न्यायचा नाही.

सहावा, पदर. हा नियम खास आपला आहे, आणि तो खरोखर कायद्याच्या नियमावलीत आहे. मागच्या माणसाला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकेल असं आवरण, हे दुचाकीला असायलाच हवं. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. घरातली मुलं "गाडी बरी दिसत नाही" म्हणून ते काढून टाकतात. ते काढू देऊ नका. पदर खोचा, ओढणीची दोन्ही टोकं मागं गाठ मारून बांधा, आणि मागं बसताना शक्य असेल तर दोन्हीकडं पाय टाकून बसा. एका अंगाला बसलं की गाडीचा तोल एका बाजूला जातो, आणि शिकाऊ बाईला तो सावरत नाही.

सातवा, रात्रीचा प्रवास. जुन्या काळी बैलगाडीच्या आखाला कंदील टांगायचे. का? पुढचं दिसावं म्हणून नाही, त्यासाठी बैल होते. गाडी दुसऱ्याला दिसावी म्हणून. आज हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या टायरगाड्या पहाटेपर्यंत रस्त्यावर असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाजूला लोंबतोय. मागून येणाऱ्या दुचाकीला ते दिसतं तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. आजोबांनी कंदील सोडला नव्हता, मग नातवानं रिफ्लेक्टर का सोडावा? घरचा ट्रॅक्टर असेल तर ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ती रस्त्यावर जाऊ देऊ नका. गाडीचा दिवा समोरून कुणी आलं की खाली करा, डिपर द्या. आणि पहाटे शेतात पायी जाताना रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, म्हणजे आपल्या बाजूची गाडी समोरून येते आणि दिसते. लांबून दिसावं म्हणून फिक्या रंगाचं काहीतरी अंगावर असू द्या.

आठवा नियम आयांसाठी. १८ वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी देऊ नका. १६ व्या वर्षी परवानगी मिळते ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला, तीही आईवडिलांच्या संमतीनं आणि लायसन्स काढूनच. आज बाजारातल्या बहुतेक स्कुट्या १०० सीसीच्या वरच्या आहेत, म्हणजे त्यात त्या बसत नाहीत. २०१९ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. शिवाय चालवणाऱ्याकडं लायसन्स नसेल, तर जखमीला दिलेली भरपाई विमा कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत असते. गाडी कुणाच्या नावावर आहे ते आज घरी जाऊन बघा. अनुदानासाठी, कर्जासाठी ती आपल्याच नावावर घेतलेली असते, आणि मग मालक म्हणून जबाबदारीही आपलीच.

शेवटचा नियम माणुसकीचा. अपघात दिसला तर थांबा. पहिल्या एका तासात उपचार मिळाले तर वाचण्याची शक्यता जास्त, म्हणून कायद्यातसुद्धा त्याला 'गोल्डन अवर' म्हटलं आहे. १०८ नंबरला फोन करा. आपल्या राज्यात ही रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत आहे. "पोलिसांचं लचांड मागं लागेल" ही भीती आता सोडा. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, त्याला त्या प्रकरणात गोवता येत नाही, हे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं आणि मग कायद्यानंही पक्कं केलं आहे. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही आहे. जखमीची मान हलवू नका, पाणी पाजण्याची घाई करू नका. वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.

मैत्रिणींनो, आपण बचत गट काढले तेव्हाही नियमांपासूनच सुरुवात केली होती. ठरलेल्या तारखेला बैठक, ठरलेला हप्ता, वहीत नोंद. ते नियम कुणी पोलिसांच्या भीतीनं पाळले का? नाही. एकीनं हप्ता चुकवला तर दुसरीचं कर्ज अडतं, हे आपल्याला कळत होतं. रस्त्याचंही तेच आहे. तो सगळ्यांचा मिळून आहे, आणि एकीच्या चुकीचा हप्ता दुसरीला भरावा लागतो.

तेव्हा येत्या बैठकीत चार कामं करा. एक, गटात गाडी चालवणाऱ्या किती आणि लायसन्स किती जणींकडं, याची वहीत नोंद करा. दोन, ज्यांच्याकडं नाही त्यांनी मिळून अर्ज भरा. चौघीजणी बरोबर गेल्या की खेपाही वाचतात आणि धीरही येतो. तीन, गटातून कर्ज घेऊन गाडी घेणाऱ्या बाईला हेल्मेट आणि साडीगार्ड यांचे पैसे त्याच कर्जात धरून द्या. चार, ग्रामसभेत दोन मागण्या करा: वळणावरच्या वेड्या बाभळी तोडा म्हणजे समोरचं दिसेल, आणि हंगामाआधी गावातल्या सगळ्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लागलेत का ते बघा.

गाडी शिका, जरूर शिका. जिला वाट माहीत आहे आणि थांबता येतं, ती कुठंही पोचते. बैल गेले, त्यांचे डोळे मात्र आपल्याकडं ठेवून गेलेत. ते उघडे ठेवा.